गाडीतला नकाशा की मोबाईलमधला? उज्जैनच्या वाटेवर दोन दिशादर्शकांची पारख

गोव्यातून महाकालेश्वराच्या दर्शनासाठी निघणारी अनेक कुटुंबे रेल्वे किंवा विमानाऐवजी स्वतःच्या मोटारीचा पर्याय निवडू लागली आहेत. पणजी ते उज्जैन हे अंतर मार्गानुसार सुमारे अकराशे किलोमीटर भरते. वाटेत गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशी चार राज्ये, सह्याद्रीचे आणि सातपुड्याचे घाट, तापी आणि नर्मदेसारख्या नद्या लागतात. २०२८ च्या उन्हाळ्यात उज्जैनला सिंहस्थ भरणार असल्याने ही वर्दळ आणखी वाढेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा प्रवासाचा बेत ठरला की घरात एक प्रश्न हमखास निघतो. नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर कंपनीनेच बसवून दिलेल्या नकाशावर विसंबावे, की खिशातल्या मोबाईलवर? पहिल्यासाठी गाडी घेताना जादा पैसे मोजलेले असतात आणि दुसरा फुकट मिळतो. तरीही बहुतेक गाड्यांत फुकटचाच नकाशा चालू असतो. असे का होते, ते योग्य आहे का, आणि रात्रीच्या वेळी अनोळखी घाटात कोणावर भरवसा ठेवावा, याचा हा आढावा.

मध्यरेषेचे नगर

दिशादर्शनाची चर्चा उज्जैनपासून सुरू करण्यास ऐतिहासिक कारण आहे. आज जगभरची रेखावृत्ते इंग्लंडमधील ग्रिनिचपासून मोजली जातात. त्याच्या कित्येक शतके आधी भारतीय ज्योतिर्गणिताची शून्य रेखा उज्जयिनीवरून जात असे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी ती मध्यरेषा होय. आपल्या गावाचे पंचांग काढायचे तर गाव या रेषेच्या पूर्वेला किती किंवा पश्चिमेला किती, हे पाहून ‘देशांतर संस्कार’ करावा लागे. अरबी भूगोलज्ञांमार्फत हे नगर पुढे युरोपीय ग्रंथांतही पोहोचले. वाटेत लिपीच्या घोळाने ‘उज्जैन’चे ‘अरिन’ झाले, एवढेच.

अठराव्या शतकात माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, वाराणसी आणि मथुरा येथेही त्याने अशा वेधशाळा बांधल्या. उज्जैनच्या वेधशाळेचा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या काळात जीर्णोद्धार झाला. या कथेला गोव्याचाही धागा आहे. युरोपातील ज्योतिर्गणित जाणून घेण्यासाठी जयसिंहाने फादर मानुएल द फिगेरेदो या जेझुइट धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली एक मंडळ १७२७ च्या सुमारास गोव्यामार्गे लिस्बनला पाठवले. तेथून ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके भारतात आली. प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थितीत त्यांत सुमारे अर्ध्या अंशाची चूक असल्याचे जयसिंहाच्या ज्योतिषांना आढळले. छापील कोष्टक प्रतिष्ठित असले तरी ते समोरच्या आकाशाशी पडताळून पाहावे, हा त्या वेधशाळेचा धडा मोटारचालकाच्याही उपयोगाचा आहे. त्याने पडताळायचा तो समोरचा रस्ता.

महाकालेश्वराच्या आजच्या मंदिराची उभारणीही मराठी माणसाच्या हातची. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी अठराव्या शतकात ती करवली. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंदे यांनी बांधवले. या मंदिरांभोवती वाढलेली जुनी पेठ आणि तिच्या अरुंद गल्ल्या हीच दिशादर्शक यंत्रांची आज खरी परीक्षा आहे.

दोन्ही यंत्रांचे मूळ एकच

गाडीतली प्रणाली असो वा मोबाईलवरचे ॲप, स्थाननिश्चिती दोन्हींत उपग्रहांवरूनच होते. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ प्रक्षेपित करत राहतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचे आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपले ठिकाण ठरवायचे, अशी ही रीत. येथे एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, चूक झाली तर ठिकाण सुमारे ३०० मीटरने सरकते. म्हणजे स्थान शोधणे हे मुळात वेळ मोजणेच आहे.

जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेईदू या यंत्रणाही आजचे मोबाईल वापरतात. भारताने ‘नाविक’ ही स्वतःची प्रादेशिक यंत्रणा उभारली असून तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. काही नव्या मोबाईलमध्ये तिचीही सोय असते. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची अचूकता सुमारे ५ मीटर असते. उंच इमारतींच्या मधल्या बोळात संदेश भिंतींवर आपटून येतात आणि ही अचूकता घसरते. महामार्गावर १० मीटरची चूक जाणवतही नाही. पटनी बाजारासारख्या दाट वस्तीत तेवढ्याच चुकीने यंत्र आपल्याला शेजारच्या गल्लीत दाखवते.

ठिकाण कळल्यावर पुढचे काम नकाशाचे. संगणकाच्या दृष्टीने रस्त्यांचे जाळे म्हणजे गाठी आणि त्यांना जोडणारे दोरे. प्रत्येक दोऱ्याला ‘येथून जायला इतकी मिनिटे’ असा भार दिलेला असतो आणि सर्वांत कमी भाराची वाट यंत्र शोधते. ही वाट शोधण्याचे गणित डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केले होते. गणित बरोबरच येते. फसगत होते ती भार चुकीचा असल्यास, रस्ता नवा असून नकाशात नसल्यास, किंवा नकाशात असून जमिनीवर उरला नसल्यास. गाडीतला नकाशा आणि मोबाईलमधला नकाशा यांतील खरा फरक हा भार कोण ठरवते आणि किती वेळा बदलते, यात आहे.

गाडीतली प्रणाली

गाडीत दिशादर्शक बसवण्याची कल्पना उपग्रहांच्याही आधीची. होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानमध्ये ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ आणला. त्यात पारदर्शक नकाशे पडद्यावर सरकवायचे आणि गाडी किती वळली, किती पुढे गेली हे गायरोस्कोपवरून ताडायचे, अशी योजना होती. उपग्रहाधारित प्रणाली गाडीतच बसवून देण्याचा मान १९९० च्या मझदा कंपनीच्या ‘युनोस कॉस्मो’ला दिला जातो. भारतात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅप माय इंडिया कंपनीने मोटार उत्पादकांना नकाशे पुरवण्याचा व्यवसाय रुजवला. तिचेच नकाशे आज ‘मॅपल्स’ या ॲपमधून सर्वांसाठी खुले आहेत.

गाडीतल्या प्रणालीचे पहिले बळ म्हणजे ती गाडीचाच भाग असते. चाके किती फिरली, गाडी किती वळली हे तिला थेट कळते. त्यामुळे बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी ती अंदाजाने योग्य जागा दाखवत राहते. मुंबई–गोवा महामार्गावरचा कशेडीचा बोगदा किंवा साताऱ्याच्या अलीकडचा-पलीकडचा घाटरस्ता यांसारख्या ठिकाणी हा फरक जाणवतो. दुसरे बळ म्हणजे नकाशा गाडीतच साठवलेला असेल तर मोबाईलला रेंज नसतानाही वाट सापडते, आणि वाट चुकल्यास नवी वाटही काढता येते. तिसरे, पडदा मोठा व नजरेच्या टप्प्यात असतो, उन्हाने तापून बंद पडत नाही आणि फोन आला म्हणून नकाशा झाकला जात नाही. विजेवरच्या गाड्यांत आणखी एक लाभ आहे. बॅटरीत किती वीज उरली हे प्रणालीला ठाऊक असल्याने, काही गाड्यांत ती चार्जिंगचा थांबा धरूनच मार्ग आखते. सातपुड्याचा चढ लागणार असेल तर ही माहिती मोलाची ठरते.

उणिवाही ठळक आहेत. साठवलेला नकाशा शिळा होतो. जुन्या गाड्यांत तो नवा करण्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावे लागते किंवा पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड वापरावे लागते. त्यामुळे गाडी घेतल्यापासून एकदाही नकाशा न बदललेले कित्येक मालक सापडतील. नव्या गाड्यांत अंगचे सिमकार्ड असते आणि नकाशा हवेतूनच अद्ययावत होतो. मात्र त्या जोडणीची फुकट मुदत ठरावीक वर्षांची असते आणि पुढे वार्षिक शुल्क भरावे लागते. गाडी घेताना ही मुदत लिहून घेणारे ग्राहक कमीच. शिवाय अनेक प्रणालींत ठिकाण शोधणे जिकिरीचे असते. मुक्कामाच्या धर्मशाळेचे नाव टाईप करता करता चहा निवतो.

मोबाईलमधला नकाशा

गुगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाले आणि २००९ पासून मोबाईलवर वळणावळणाची सूचना देऊ लागले. त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य वापरणाऱ्यांच्या संख्येत आहे. रस्त्यावरचे मोबाईल किती वेगाने सरकत आहेत, यावरून कोंडी ओळखली जाते. सायमन वेकर्ट या कलाकाराने २०२० मध्ये बर्लिनमध्ये ९९ मोबाईल एका हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढली आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला, असे दाखवून दिले. थट्टेचा भाग सोडला तरी यंत्रणा कशी चालते याचा तो उत्तम खुलासा होता.

या सामर्थ्याची दुसरी बाजू ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुणे–सातारा रस्त्यावर हजारो मोबाईल असतात, म्हणून तेथील अंदाज नेमका येतो. जंगलातल्या वाटेवर मोबाईलच नसतात. तेथे यंत्रणेला रस्त्याच्या वर्गावरून किंवा जुन्या नोंदींवरून वेग धरावा लागतो. गर्दी नसलेला रस्ता आणि माहिती नसलेला रस्ता हे दोन्ही पडद्यावर सारखेच निर्धोक भासतात. अनेक दुर्घटनांचे मूळ या साम्यात आहे.

मोबाईल ॲपचे इतर फायदे सर्वपरिचित आहेत. नकाशा आपोआप ताजा होतो, दुकाने, पेट्रोल पंप, उपाहारगृहे सहज सापडतात, आवाजी सूचना मराठीतूनही मिळतात आणि गाडी बदलली तरी सवय बदलावी लागत नाही. गुगलने जुलै २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलेल्या सुधारणांत चारचाकीला अरुंद गल्ल्या टाळून नेण्याची सोय होती. पहिल्या टप्प्यातील आठ शहरांत इंदूर आणि भोपाळ होते. उज्जैनचे नाव त्या यादीत नव्हते. इंदुरात मिळालेला अनुभव पन्नास-पंचावन्न किलोमीटर पुढे तसाच मिळेल, असे गृहीत धरू नये.

उणिवांत पहिली म्हणजे इंटरनेटवरील अवलंबित्व. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही वाट दिसते, परंतु त्या अवस्थेत रहदारीची माहिती आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत. दुसरी, मे महिन्याच्या उन्हात काचेजवळ ठेवलेला मोबाईल तापतो आणि चार्जिंग मंदावते. तिसरी, नकाशा चालू असतानाच संदेश, फोन आणि इतर सूचना येत राहतात. वाहन चालवताना लक्ष विचलित करणारी याहून प्रभावी वस्तू सापडणे कठीण.

मधली वाट

या दोहोंतला झगडा २०१४-१५ पासून बराच सौम्य झाला आहे. ॲपलचे कारप्ले आणि गुगलचे अँड्रॉइड ऑटो यांमुळे मोबाईलमधला नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसू लागला. ताजी माहिती मोबाईलची आणि मोठा पडदा गाडीचा, असा हा संगम. आज मध्यम किमतीच्या बहुतेक गाड्यांत ही सोय मिळते आणि सामान्य कुटुंबासाठी तीच सर्वांत व्यवहार्य ठरते. गुगल मॅप्सप्रमाणे मॅपल्सही या पडद्यावर चालते. बिनतारी जोडणीत मोबाईलची बॅटरी लवकर संपते, म्हणून लांबच्या प्रवासात केबल बरोबर असलेली बरी.

काही उत्पादकांनी उलट दिशा धरली आहे. व्होल्व्होसारख्या कंपन्यांच्या गाड्यांत गुगलचा नकाशा मूळ प्रणालीतच बसवलेला येतो. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढील विजेवरच्या गाड्यांतून कारप्ले व अँड्रॉइड ऑटो काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. गाडीच्या पडद्यावर मालकी कोणाची, हा त्यामागचा व्यापारी प्रश्न आहे. ग्राहकाने मात्र गाडी घेताना एवढेच विचारावे की मोबाईलचा नकाशा पडद्यावर आणता येतो का, साठवलेला नकाशा आहे का, आणि तो किती वर्षे फुकट नवा होत राहील.

गोवा ते उज्जैन: कोठे कोणता नकाशा

पणजीहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढून जांबोटीवरून बेळगाव गाठणे हा नेहमीचा मार्ग. घाटात आणि पुढच्या जंगलपट्ट्यात मोबाईलची रेंज येते-जाते. येथे साठवलेला नकाशा हवाच, मग तो गाडीतला असो वा मोबाईलमध्ये उतरवून घेतलेला. पावसाळ्यात दरड कोसळून किंवा दुरुस्तीसाठी घाट बंद झाल्याची बातमी नकाशाआधी वर्तमानपत्रात येते. निघण्याच्या सकाळी ती पाहून घ्यावी.

बेळगावपासून निपाणी, कोल्हापूर, कराड, साताऱ्यामार्गे पुण्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ आहे. येथे वाट चुकण्याचा प्रश्न नाही, प्रश्न कोंडीचा आणि ठिकठिकाणी चाललेल्या रुंदीकरणाचा. या टप्प्यात मोबाईलचा नकाशा निर्विवादपणे सरस ठरतो. पुण्याचा वळसा कोणत्या बाजूने घ्यावा, हे तर त्या क्षणाच्या रहदारीवरच ठरते.

पुढे अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव या वाटेने धुळे, आणि तेथून मुंबई–आग्रा या जुन्या नावाने ओळखला जाणारा रस्ता. शिरपूरजवळ तापी ओलांडली की सातपुड्याची चढण सुरू होते आणि बिजासनी घाट चढून आपण सेंधव्याला, म्हणजे मध्य प्रदेशात, पोहोचतो. खलघाटला नर्मदा लागते आणि मानपूरजवळ विंध्याचा घाट. या घाटांत अवजड मालमोटारींची रांग असते आणि उतारावर अपघात होतात. उरलेली मिनिटे मोजत बसण्याऐवजी येथे पडद्यावरची नजर काढून घ्यावी. घाट संपेपर्यंत आवाजी सूचना पुरेशी आहे.

इंदूर ते उज्जैन हा टप्पा लहान असला तरी सध्या सर्वांत फसवा आहे. सिंहस्थाच्या तयारीसाठी या रस्त्याच्या सहापदरीकरणाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाली. काम चालू असलेल्या रस्त्यावर वळणमार्ग आज एका जागी तर उद्या दुसऱ्या जागी असतात. अशा ठिकाणी दोन्ही नकाशे मागे पडतात आणि रस्त्याकडेचा बाणाचा फलकच खरा मानावा लागतो.

उज्जैन शहरात शिरताना

शोधखिडकीत नुसते ‘महाकाल’ लिहिले तर मंदिराबरोबरच त्या नावाची हॉटेले, धर्मशाळा आणि दुकाने यांची रांग समोर येते. त्यातील पहिल्यावर बोट ठेवून निघणारा चालक जुन्या पेठेत अडकण्याचा संभव असतो. मंदिराला लक्ष्य करण्याऐवजी वाहनतळाला लक्ष्य करावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या महाकाल लोकच्या त्रिवेणी संग्रहालयाच्या बाजूने किंवा हरिफाटक पुलाच्या परिसरातून जाणे सोयीचे. गाडी तेथे लावून पुढचा मार्ग पायी किंवा ई-रिक्षाने काटावा.

ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय चुकून निवडलेला नाही, हे तपासावे. भारतात २०१७ पासून उपलब्ध असलेली ही सोय दुचाकीस्वारांना बोळांतून जवळची वाट दाखवते. मोटारीला तीच वाट गळ्याचा फास होते.

उज्जैनचे वेळापत्रक पंचांगाने चालते, हे कोणत्याही यंत्राला पुरते कळलेले नाही. श्रावणातील आणि भाद्रपदातील ठरावीक सोमवारी महाकालाची सवारी निघते आणि मंदिर, रामघाट, गोपाळ मंदिर या पट्ट्यातील रस्ते वाहनांना बंद होतात. नागपंचमीला वर्षातून एकदाच उघडणाऱ्या नागचंद्रेश्वर मंदिरासाठी गर्दी लोटते. या दिवशी पोलिसांनी उभारलेला अडथळा नकाशावर उमटेपर्यंत वेळ जातो. पहाटेच्या भस्म आरतीची नोंदणी केलेल्यांनी तर आदल्या रात्री वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंतची वाट एकदा चालून पाहावी. पहाटे तीनच्या अंधारात यंत्राशी वाद घालण्याची ती वेळ नव्हे.

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभात फेब्रुवारीमध्ये मध्य प्रदेशातच वाहने रोखून धरावी लागली होती. सर्व रस्ते एकाच दिशेने भरले की पर्यायी मार्ग सुचवणारे यंत्र हतबल होते, कारण तो पर्याय त्याने हजारोंना सुचवलेला असतो. नाशिकच्या २०२७ च्या आणि उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थाला जाणाऱ्यांनी मेळा प्रशासनाचे वाहतूक आदेश हाच मुख्य नकाशा समजावा.

नकाशा चुकतो तेव्हा

डिसेंबर २०२४ मधील घटना आपल्या सीमेलगतची आहे. गोव्याकडे मोटारीने निघालेले बिहारमधील एक कुटुंब खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात शिरले. शिरोडगा–हेमाडगा भागात नकाशाने दाखवलेली वाट त्यांना आत नेत गेली आणि रेंज गेल्यावर परतीची दिशाही उरली नाही. रात्र गाडीतच काढावी लागली. सकाळी काही किलोमीटर पायी गेल्यावर रेंज मिळाली, ११२ क्रमांकावर संपर्क झाला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. वाघ, अस्वल आणि गव्यांचा वावर असलेल्या त्या रानात अनर्थ टळला, हे दैव.

त्याच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूँ जिल्ह्यांच्या हद्दीवर रामगंगा नदीच्या अर्धवट तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता. नकाशात पूल शाबूत होता आणि रस्त्यावर पुरेसा अडथळा नव्हता. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांसह नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. यंत्राच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आला. तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर अडथळा उभारणे हे खात्याचे आणि वेग कमी करणे हे चालकाचे काम आहे.

गोव्याला हा अनुभव नवा नाही. बागा किनाऱ्याकडे निघालेल्या पर्यटकांना गुगलने भलतीकडे वळवल्याने त्रासलेल्या रहिवाशांनी, हा रस्ता किनाऱ्याकडे जात नाही, मागे फिरा, असा फलकच लावला होता. २०१८ मध्ये त्याचे छायाचित्र देशभर फिरले. दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांपैकी कोणता, हे न पाहता ‘गोवा विमानतळ’ निवडणाऱ्यांची तारांबळ तर आपण पाहतोच. आपल्या वाटांवर परके जसे फसतात, तसे आपण माळव्यात फसू शकतो.

कायदा काय सांगतो

वाहन चालवताना मोबाईल हातात धरून वापरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंडाची आणि कारावासाचीही तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार मार्ग पाहण्यासाठी मोबाईल वापरता येतो, मात्र चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने. म्हणजे मोबाईल स्टँडवर असावा, ठिकाण निघण्यापूर्वीच टाकलेले असावे आणि बदल करायचा तर गाडी बाजूला थांबवावी किंवा शेजारी बसलेल्याने तो करावा. गाडीतल्या पडद्यालाही हाच विवेक लागू पडतो. तो कंपनीने बसवला म्हणून चालत्या गाडीत त्यावर टाईप करणे सुरक्षित ठरत नाही.

निघण्यापूर्वी

• संपूर्ण मार्गाचा नकाशा घरच्या वायफायवर मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. एका टप्प्यात तो मावला नाही तर दोन-तीन भाग करावेत.

• गाडीतला नकाशा शेवटचा केव्हा अद्ययावत झाला, हे सेटिंगमध्ये पाहावे. दोन वर्षांहून जुना असल्यास त्याला दुय्यम मानावे.

• मुख्य थांबे, म्हणजे बेळगाव, कोल्हापूर, पुणे, धुळे, सेंधवा, इंदूर, कागदावर लिहून ठेवावेत. यंत्राने सुचवलेली वाट यांपैकी एखादे ठिकाण वगळत असेल तर कारण पाहावे.

• महामार्ग सोडून अरुंद रस्त्यावर वळण्याची सूचना आली आणि वाचणारा वेळ दहा-पंधरा मिनिटांचाच असेल, तर ती नाकारावी. रात्री आणि जंगलपट्ट्यात तर अवश्य.

• रस्ता कच्चा होत गेला, समोरून वाहन येईनासे झाले आणि रेंज गेली, ही तीन चिन्हे एकत्र दिसली की पुढे न जाता आल्या वाटेने मागे फिरावे.

• पाण्याखालचा रस्ता किंवा बांधकाम चालू असलेला पूल दिसल्यास नकाशा काहीही म्हणो, थांबावे.

• ११२ हा आपत्कालीन आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा क्रमांक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

• घरून निघताना मार्ग आणि मुक्काम गोव्यातील कोणा नातेवाइकाला कळवून ठेवावा.

तात्पर्य

गाडीतली प्रणाली आणि मोबाईलचे ॲप यांत कायमचा विजेता नाही. महामार्गावर आणि शहरांत ताज्या माहितीमुळे मोबाईल पुढे आहे. बोगद्यात, घाटात आणि रेंज नसलेल्या पट्ट्यात साठवलेला नकाशा उपयोगी पडतो आणि तो गाडीच्या चाकांशी जोडलेला असेल तर अधिकच. विजेवरची गाडी असेल तर गाडीच्याच प्रणालीला पहिला मान द्यावा. इतरांनी केवळ नकाशासाठी वरच्या श्रेणीची गाडी घेण्याचे कारण उरलेले नाही. मोबाईल पडद्याला जोडण्याची सोय आणि उतरवून ठेवलेला नकाशा एवढ्यावर बहुतेक प्रवास निभावतो.

गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला किंवा चहाच्या टपरीवर काच खाली करून एकदा विचारण्याला मात्र अजून पर्याय सापडलेला नाही. माळव्यात हिंदी सर्वांना समजते आणि उज्जैन, इंदूर, देवास या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी कुटुंबेही भेटतात. पुढचा पूल शाबूत आहे का, आज सवारी कोणत्या रस्त्याने जाणार, याचे उत्तर त्यांच्याकडे उपग्रहाआधी असते.